साल कोणती आणि मात्रा किती?

जयगड हे गाव शास्त्री नदीच्या मुखाशी वसले आहे. अलीकडे विजापूरच्या आदिलशाहीत बांधलेला किल्ला, पलीकडच्या काठावर गुहागर तालुक्यातले तवसाळ आणि मधून थेट संगमेश्वरच्या दिशेने आत शिरणारी खाडी. रत्नागिरी शहर येथून सुमारे ४५ किलोमीटर. अशा किनारी गावांतल्या घरांमध्ये अलीकडच्या काळात एक नवा चहा शिरला आहे. सकाळी उपाशीपोटी दालचिनीचा तुकडा पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि 'शुगरसाठी' म्हणून प्यायचा. कोणी त्यात लिंबू पिळतो, कोणी मध घालतो, कोणी पूड करून चमचाभर कोमट पाण्याबरोबर घेतो.

या चहाला हरकत घ्यावी असे त्यात काही नाही. हरकत आहे ती पुढच्या पायरीला. चहा सुरू होतो, चार-सहा आठवडे जातात, माणसाला हलके वाटू लागते, आणि मग डॉक्टरांनी दिलेली गोळी हळूच बंद होते. 'दालचिनी तर आपल्या हकीमांनी सांगितलेली आहे, तिच्यात नुकसान कसले?' असे वर सांगितले जाते. म्हणजे गोळी बंद करायला इतिहासाचा दाखला दिला जातो. म्हणून हा प्रश्न आम्ही इतिहासातच तपासायचे ठरवले. दालचिनी आपल्या किनाऱ्याला कशी माहीत झाली? हकीमांनी तिच्याविषयी नेमके काय सांगितले? आणि साखरेच्या आजाराशी तिचे नाते कधी जुळले?

सुरुवात नावापासून करू. मराठीत आपण 'दालचिनी' म्हणतो. उर्दूत मात्र मुलांना 'दारचीनी' असे लिहायला शिकवावे लागते, कारण मूळ फारसी शब्द 'दार-ए-चीनी' असा आहे. 'दार' म्हणजे झाड, लाकूड. दारचीनी म्हणजे चीनचे लाकूड. अरबीत तिचे 'दारसीनी' झाले आणि मराठीच्या जिभेवर 'र'चा 'ल' झाला. संस्कृतात तिला 'त्वक्' म्हणजे साल एवढेच म्हणतात. अरबीतल्या 'किर्फा' शब्दाचा अर्थही सालच आहे. म्हणजे नाव सांगते चीन, आणि ज्या दालचिनीची जगभर कीर्ती झाली ती मात्र सरनदीपची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची. हा घोटाळा नुसता शब्दांचा नाही. या मसाल्यात पहिल्यापासून दोन वेगवेगळ्या झाडांच्या साली एकाच नावाखाली फिरत आलेल्या आहेत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या अखेरीस तिच्याशी आपल्या यकृताचा संबंध येणार आहे.

दालचिनी कुठून येते हे युरोपच्या लोकांना कित्येक शतके कळले नव्हते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले की मोठे पक्षी या काड्यांची घरटी उंच कड्यांवर बांधतात आणि अरब लोक युक्तीने ती खाली पाडतात. माल जितका दूरचा, तितकी कथा अद्भुत आणि तितकाच भाव चढा. खरी हकिकत आपल्याला एका मुस्लिम प्रवाशाकडून मिळते. १३४४ साली इब्ने बतूता सरनदीपला उतरला. हजरत आदम यांच्या पावलाचा ठसा मानल्या जाणाऱ्या डोंगराचे दर्शन घ्यावे, हा त्याचा हेतू होता. तिथल्या किनाऱ्यावर ओढ्यांच्या पुराने वाहून आलेल्या दालचिनीच्या लाकडाचे ढीग त्याने पाहिले. मलबारचे लोक ते लाकूड विनामोल उचलून नेत आणि बदल्यात तिथल्या राजाला कापड वगैरे नजर करीत, असे तो सांगतो. पक्ष्यांची घरटी नाहीत, जादू नाही. जंगल, पाऊस, किनारा आणि व्यापारी, एवढीच ती हकिकत.

मलबारहून हा मसाल्याचा माल वर येई तो आपल्याच किनाऱ्याने. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज माणसाने चौल आणि दाभोळचे वर्णन केले आहे. मलबारची गलबते चौलला नारळ, सुपारी आणि मसाले घेऊन येत. दाभोळला मक्का, एडन आणि होर्मुझची जहाजे लागत आणि त्यांतून घोडे उतरत. दाभोळ आणि जयगड यांच्यामध्ये गुहागरचा किनारा तेवढा आहे. मोठी जहाजे मोठ्या बंदरात थांबत आणि लहान होड्या खाड्यांमधून आत घाटाच्या पायथ्यापर्यंत माल पोहोचवीत. जयगडची खाडी ही संगमेश्वरकडे जाणारी अशीच एक वाट होती. कोकणातल्या मुसलमानांचे पूर्वज याच दर्यावर वाढले. कोणी नाखुदा, कोणी खलाशी, कोणी व्यापारी. त्यांच्या स्वयंपाकघरात नारळाचे दूध आणि तांदूळ या मातीतले आहेत, तर दालचिनी आणि लवंग समुद्राने आणून दिलेल्या आहेत.

या व्यापारावर घाला पडला तो पोर्तुगिजांचा. १५०८ च्या डिसेंबरअखेर फ्रान्सिश्को द आल्मेदाने दाभोळ जाळले. त्याआधीच, १५०५ च्या सुमारास, त्याचा मुलगा लोरेन्सो सिलोनला पोहोचला होता. पुढे समुद्रावर फिरायचे तर पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', घ्यावा लागे. तो नसेल तर जहाज जप्त होई. मसाल्याच्या मालावर तर विशेष नजर असे. मलबारचे आलिम शेख झैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'तुहफतुल मुजाहिदीन' या अरबी ग्रंथात मुसलमान व्यापाऱ्यांचा हा कोंडमारा लिहून ठेवला आहे. सिलोनची दालचिनी पोर्तुगिजांकडून १६५८ पर्यंत डचांच्या हाती गेली आणि १७९६ मध्ये इंग्रजांच्या. झाडे तीच, साल सोलणारे गरीब हात तेच, त्यांच्यावरची सक्तीही तीच. मालक तेवढे बदलले.

याच पोर्तुगीज गोव्यात १५६३ साली एक पुस्तक छापले गेले. लेखक गार्सिया द ओर्ता. हा वैद्य यहुदी वंशातला होता. धर्मसत्तेच्या जाचाचे सावट डोक्यावर घेऊन तो हिंदुस्थानात आला आणि पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात त्याचे जाणे-येणे झाले. तिथे अरबी-फारसी जाणणाऱ्या हकीमांशी त्याच्या चर्चा होत. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. संवादरूपाने लिहिलेल्या त्या पुस्तकात हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर एकेक प्रकरण आहे आणि त्यांत दालचिनीवरही आहे. दारचिनी म्हणजे चीनचे लाकूड, हा नावाचा उलगडा तिथेही सापडतो. जुने ग्रंथकार 'दारसीनी' आणि 'सलीखा' अशी दोन द्रव्ये वेगळी मानत. ओर्ताचे मत पडले की ही दोन नव्हेत, एकच. फरक आहे तो केवळ जागेचा. सिलोनची उत्तम, मलबारची हलकी. ओर्ता १५६८ मध्ये वारला. १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे कबरीतून काढून जाळली. माणूस धीट होता, अभ्यासू होता, परंतु दोन सालींच्या बाबतीत जुने हकीमच बरोबर होते. आज वनस्पतिशास्त्र सांगते की सिलोनची दालचिनी आणि चीनकडची सलीखा, जिला इंग्रजीत कॅशिया म्हणतात, ही एकाच कुळातली पण दोन वेगळी झाडे आहेत.

आता साखरेच्या आजाराकडे येऊ. हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत 'मधुमेह' आहे. इब्ने सीनाने (९८०-१०३७) 'अल-कानून'मध्ये या रोगाचे वर्णन केले आणि लघवीच्या गोडपणाचाही उल्लेख केला. त्याच्यानंतर अब्दुल लतीफ बगदादी (११६२-१२३१) या हकीमाने या एकाच रोगावर स्वतंत्र रिसाला लिहिला. उर्दूत आपण ज्याला 'झियाबीतस' म्हणतो तो शब्द ग्रीकमधून अरबीत आणि अरबीतून आपल्याकडे आला. इब्ने सीनाने या रोगावर जे मिश्रण सुचवले त्यात तुर्मुस, मेथी आणि कचोरा यांची नावे सांगितली जातात. दालचिनी त्यात नाही. दालचिनी युनानीत होती, पण ती उष्ण गुणाची, पोट सुधारणारी, थंडी-कफावर चालणारी म्हणून. जोशांद्यात पडणारी, माजूनात मिसळणारी. 'हकीमांनी शुगरवर दालचिनी सांगितली' हे वाक्य आपण ज्या खात्रीने उच्चारतो, त्या खात्रीला अल-कानूनचा आधार नाही.

पण आमच्या मते हकीमांकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट वेगळीच आहे. युनानीच्या कोणत्याही 'मुफरदात'च्या किताबात एखादे द्रव्य उघडून पाहा. तिथे फक्त फायदे नसतात. आधी मिझाज, म्हणजे त्या द्रव्याची प्रकृती. मग अफआल, म्हणजे परिणाम. त्यापुढे 'मुझिर', म्हणजे कोणाला आणि कशाला अपायकारक. मग 'मुस्लेह', म्हणजे तो अपाय कमी करणारे द्रव्य. मग 'बदल', ते न मिळाल्यास काय वापरावे. आणि शेवटी 'मिकदारे खुराक', म्हणजे किती मात्रेत घ्यावे. एवढे रकाने भरल्याशिवाय हकीम त्या द्रव्याला दवा म्हणत नसे. इब्ने सीनाने तर अल-कानूनच्या दुसऱ्या किताबात औषध पारखण्याचे सात नियम दिले आहेत. द्रव्य भेसळीचे नसावे. साध्या, एकट्या रोगावर पाहावे. परिणाम पुन्हा पुन्हा तसाच येतो का ते पाहावे, एकदा आला तर तो योगायोग समजावा. आणि परीक्षा माणसाच्या शरीरावरच व्हावी, जनावरावर आलेला गुण माणसावर येईलच असे नाही. एक हजार वर्षांपूर्वीचे हे नियम आहेत. आज आपल्या मोबाइलवर दालचिनीचा जो निरोप येतो, त्यात यांपैकी एकच रकाना भरलेला असतो. फायद्याचा.

मग दालचिनी आणि साखर यांची जोडी एवढी गाजली कुठून? प्रयोगशाळांत काही काम आधी झाले होते. पण बोलबाला झाला तो २००३ साली, आणि त्याचे ठिकाण होते पेशावर. आलम खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाच्या ६० रुग्णांवर एक चाचणी केली. दहा-दहांचे सहा गट. तीन गटांना दालचिनीची पूड भरलेल्या कॅप्सूल, दररोज १, ३ किंवा ६ ग्रॅम. उरलेल्या तीन गटांना दिसायला तशाच, पण दालचिनी नसलेल्या कॅप्सूल. चाळीस दिवसांनी दालचिनी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्के उतरली, असे त्यांनी अमेरिकेतील 'डायबिटीज केअर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. बातमी जगभर गेली. पण या चाचणीतल्या तीन गोष्टी बातमीतून गळून पडल्या. पहिली, तिथे चहा नव्हता, पूड होती. दुसरी, ती साल सिलोनची नव्हती, कॅशियाची होती. आणि तिसरी, सगळ्यांत मोठी, ते रुग्ण आपल्या नेहमीच्या गोळ्या घेतच होते. गोळीच्या जागी दालचिनी असे कोणी म्हटलेलेच नव्हते.

इब्ने सीनाचा नियम असा की परिणाम पुन्हा पुन्हा आला पाहिजे. इथे तो आला नाही. २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये २५ स्त्रियांना सहा आठवडे रोज दीड ग्रॅम दालचिनी दिली, साखरेत फरक पडला नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १० चाचण्या आणि ५७७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली आणि मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करावी एवढा पुरावा नाही, असे सांगितले. २०१३ मध्ये दुसऱ्या एका पाहणीत १० चाचण्यांतील ५४३ रुग्ण होते. तिथे उपाशीपोटीची साखर काहीशी उतरलेली दिसली, पण 'एचबीए१सी', म्हणजे आपल्याकडे जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती, लक्षणीय उतरली नाही. एका सकाळचा आकडा चांगला येणे वेगळे आणि तीन महिने रक्त ताब्यात राहणे वेगळे. डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा त्या दुसऱ्या आकड्यावर टिकतात.

आता 'मुझिर'चा रकाना. कॅशियात कौमरिन नावाचे एक द्रव्य असते. सुगंध त्याचाही असतो, पण ते जास्त काळ जास्त प्रमाणात पोटात गेल्यास काही माणसांच्या यकृताला इजा करते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. जर्मनीतील तपासणीत एक किलो कॅशियात सरासरी ३ ग्रॅमच्या आसपास कौमरिन आढळले, म्हणजे एका ग्रॅममागे ३ मिलिग्रॅम. हिशेब सोपा आहे. दोन ग्रॅम कॅशियातच त्या माणसाची रोजची मर्यादा संपते, आणि चहाचा एक सपाट चमचा पूड अडीच ग्रॅमच्या घरात जाते. सिलोनच्या दालचिनीत कौमरिन नाममात्र असते. उकळून गाळलेल्या पाण्यात त्याचा काही भाग उतरतो, पूड खाल्ली तर सगळेच पोटात जाते.

म्हणजे हकीमांनी 'दारसीनी' आणि 'सलीखा' वेगळ्या ठेवल्या, त्याचे मोल आज कळते. आपल्या बाजारात 'दालचिनी' म्हणून जे विकले जाते त्यात चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियाकडून आलेला कॅशियाच फार. ओळखायची खूण अशी. कॅशियाची साल जाड, कठीण, गडद तपकिरी आणि एकाच पदराची असते. सिलोनची साल फिकी, कागदासारखी पातळ, पदरावर पदर गुंडाळलेली आणि बोटाने चुरडणारी. आपल्या कोकणातही या झाडाची लागवड होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जात दिलेली आहे. नारळी-पोफळीच्या बागेत हे झाड सावलीला सुखाने वाढते. समुद्राने आणलेला मसाला आता परसात लावता येतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो मसालाच आहे.

झाडपाल्याला आम्ही कमी लेखतो असे कोणी समजू नये. आज मधुमेहाची सगळ्यांत जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन हिचा माग एका झुडपापर्यंतच जातो. गॅलेगा नावाचे हे झुडूप युरोपात जुन्या काळापासून औषधी म्हणून माहीत होते. त्यातल्या द्रव्याचा साखरेवर परिणाम दिसला, पण ते विषारीही निघाले. मग त्याच्या जातीची निरनिराळी संयुगे तयार झाली, तपासली गेली, आणि १९५७ साली फ्रान्सच्या झां स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा माणसांवरचा उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे त्या झुडपाचे मुझिर पाहिले, मुस्लेह शोधले, मिकदार ठरवली, आणि मग ते गोळीत आले. जो माणूस 'अंग्रेजी दवा नको, झाडपाला बरा' म्हणून मेटफॉर्मिन सोडतो आणि कॅशिया उकळतो, तो पारखलेले झाड टाकून न पारखलेले झाड घेत असतो.

२०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर. या आकड्यांत आपली खाडीकाठची गावेही आली. आखातातून वर्षानुवर्षे राबून परतलेले बाप, दुपारी उरलेसुरले खाऊन घरच्यांना वाढणाऱ्या आया, यांना पायाला झालेली जखम महिनाभर भरत नाही तेव्हा रत्नागिरीची वाट धरावी लागते. तोवर गोळी सोडून किती महिने झाले, हे घरात कोणाला माहीतही नसते.

म्हणून जयगडच्या आणि सगळ्याच किनाऱ्याच्या वाचकांना आम्ही एवढेच सुचवतो. दालचिनीचा चहा आवडतो तर जरूर घ्यावा, एक छोटा तुकडा घालून, साखरेशिवाय. साखर घातलेल्या दुधाच्या चहाऐवजी हा कोरा चहा घेतला तर फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः न घातलेल्या साखरेचा आहे. त्यात मध घालू नये. मध शिफा आहे हे आपण मानतो, पण मधुमेह्याच्या रक्तात तो साखरच होतो. पूड चमच्याने खाऊ नये, आणि यकृताचा आजार असेल तर मुळीच नाही. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चहाची गोष्ट डॉक्टरांना सांगावी, लपवू नये. रमजानपूर्वी महिना-दीड महिना आधी तपासून घ्यावे आणि सहरी-इफ्तारच्या वेळांप्रमाणे औषधाची वेळ बदलून घ्यावी. तीस वर्षांवरील माणसांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासली जाते, तिचा लाभ घ्यावा. प्रत्येक रोगाला दवा आहे ही आपली श्रद्धा आहे, आणि ती दवा शोधणे, पारखणे हे त्या श्रद्धेचेच काम आहे.

आपले पूर्वज समुद्रावर माल घेताना साल हातात घेऊन मोडत, हुंगत, चावून पाहत आणि मगच भाव ठरवीत. हकीम त्याच सालीला सहा प्रश्न विचारी. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर नुसता त्यांचा मसाला उचलून चालणार नाही, त्यांचे प्रश्नही उचलले पाहिजेत. पुढच्या वेळी कोणी दालचिनीचा फायदा सांगू लागला तर त्याला अदबीने दोनच गोष्टी विचाराव्यात: साल कोणती, आणि मात्रा किती? उत्तर येईपर्यंत गोळी सुरू ठेवावी.